सात नंबरच्या आत एक माणूस

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद. अकरा वर्षांचे साठले होते, सगळे एकदम पाठवतो आहे. पुरवून वापर.

पत्र बघून दचकू नकोस. तुझी वहिनी ठीक आहे, गुडघे सोडले तर मीही ठीक आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघं भाऊ एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि मग कोणीतरी "बरं, ठेवतो" म्हणतं. पत्रात तशी सोय नाही.

काम असं आहे, की तू येऊन सात नंबरचं कुलूप काढ.

हसू नकोस. तू वर्कशॉप सोडलंस त्या दिवशी माती उपसायच्या सात नंबर एक्स्कॅव्हेटरच्या मेन स्विचला स्वतःच्या हत्यारपेटीचं पितळी कुलूप अडकवलंस, वर लाल पाटी टांगलीस आणि चावी खिशात टाकून फाटकाबाहेर पडलास. पाटी तूच रंगवली होतीस: "आत माणूस आहे. चालू करू नये." नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. पाटी ज्याची, काढणारा तोच. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की थोरला भाऊ.

तू गेल्यावर सहा महिन्यांनी इथे एक सुरक्षा अधिकारी आला. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. माणूस सरळ आहे, पण नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुठल्या यंत्रात किती माणसं कामाला शिरली आहेत ते लिहायचा दाराशी फळा आहे ना, त्यावर त्याने पहिल्याच दिवशी पाटी वाचून लिहिलं: सात नंबर, आत १. तो आकडा कमी करायचा तर आतल्याने बाहेर येऊन स्वतः सही करावी लागते. तू काही आला नाहीस. तेव्हापासून तू आत आहेस.

रोज दुपारी चारला तुझा चहा येतो. कपावर बशी झाकून तो सात नंबरच्या चाकांवरच्या लोखंडी ट्रॅकवर ठेवतात. दर तीन महिन्यांनी आग लागल्याची तालीम होते. भोंगा वाजतो, सगळे अंगणात जमतो, शिट्टी डोकी मोजतो आणि दर वेळी एक कमी भरतं. एक कमी असताना तालीम संपवता येत नाही, म्हणून सुट्टी होईपर्यंत आम्ही उन्हात उभे असतो. कागदोपत्री पहिली तालीम अजून चालू आहे. गेल्या वर्षी दहा वर्षं विनाअपघात काम केल्याबद्दल तुला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते सात नंबरच्या केबिनमध्ये टांगलं आहे. तू हेड मेकॅनिकही झालास, कारण तुझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही. पगाराचं विचारू नकोस, तो सही केल्यावरच मिळतो.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. सप्टेंबरात मी निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, मीही दोन शब्द बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी घरी हजर. म्हणाला, तुमच्या हाताखालचा एक माणूस अजून यंत्रात आहे, तो बाहेर आल्याशिवाय तुम्हाला सोडता येत नाही. तेव्हापासून मी परत कामावर जातो. डिसेंबरात त्यांनी मला दुसऱ्यांदा निरोप दिला, या वेळी सात नंबरच्या शेजारी, ध्वनिक्षेपक लावून. त्यांना वाटलं, तुला ऐकू जाईल आणि तू बाहेर येशील.

तेल अडवायच्या एवढ्याशा सीलवरून आपलं भांडण झालं. सीलचा ओठ तेलाकडे हवा की बाहेर, एवढंच ना? तेलाकडे हवा. तुझंच बरोबर होतं. आता ये.

तुझा
दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण रोज ट्रॅक्टरखाली सरपटून कंबर तेवढं ऐकत नाही.

मी आत नाही. मी इथे माझ्या शेडमध्ये आहे. समोर एका ट्रॅक्टरचा डिझेल पंप उघडा पडला आहे, कोपऱ्यात तीन हायड्रॉलिक जॅक गळत आहेत आणि एक म्हातारा "तासाभरात होईल ना" म्हणत सकाळपासून बसला आहे. पुरावा म्हणून खाली डिझेलचा अंगठा उमटवतो. तुमच्या शिट्टीला वास घ्यायला सांग.

चावी कुठे पडली कोण जाणे. अकरा वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत. कुलूप पितळी आहे, हॅकसॉने पाच मिनिटांत कापलं जाईल. अकरा वर्षं तुम्हा सगळ्यांना हे सुचलं नाही म्हणजे कमाल आहे.

लेखी हवं असेल तर घे: मी, खाली सही करणारा, सात नंबर यंत्राच्या आत नाही, त्याच्या आसपास नाही, आणि तिकडे फिरकायचा माझा विचारही नाही.

माझा चहा कोण पितं?

आणि सीलचं म्हणशील तर, बरं. सीलवरूनच झालं असेल.

बारक्या


२२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मी शिट्टीला दाखवलं. त्याने खरंच वास घेतला. म्हणाला, डिझेलचा वास आतल्या माणसालाही येतो. मी म्हटलं, अहो, पाकिटावर दुसऱ्या गावचा शिक्का आहे. त्यावर तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "त्यावरून पत्र आत नव्हतं एवढंच सिद्ध होतं."

कुलूप कापायचंही विचारलं. नियमात तशी सोय आहे म्हणतो, पण ती किचकट आहे. तुला ते सांगत बसत नाही. तूच येणं सोपं.

चहा मी पितो. चारला येतो, सव्वाचारला पितो. मधली पंधरा मिनिटं थांबतो, न जाणो.

तुझं कुलूप स्विचवर गेल्यामुळे तुझी हत्यारपेटी उघडीच राहिली. पण त्यातला एक पाना मी कोणाला हलवू दिला नाही. फक्त दहा-अकराचा सापडत नाही. सगळं वर्कशॉप पालथं घातलं, ओल्या चिंध्यांचं पिंपसुद्धा उपसलं. जगातल्या सगळ्या पेट्यांमधून दहा-अकराचाच पाना कसा जातो, हे एक कोडंच आहे.

सात नंबरची बूम, तो एवढा मोठा लोखंडी हात, अजून तशीच वर आहे, टेकूवर. तिच्या सावलीत कोणी बसत नाही. साहेब बदलले, नवे आले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे यंत्र बंद का आहे? शिट्टी म्हणाला, बंद नाही, काम चालू आहे. साहेबांनी मान डोलावली.

सोबत त्याने तुला दिलेलं पत्र जोडलं आहे. मी त्याला म्हटलं, मीच पाठवतो. तो सात नंबरच्या फटीतून आत टाकणार होता.

गुडघे फार दुखतात रे. शिडी चढवत नाही. ये.

दादा


२१ फेब्रुवारी

प्रति,
हेड मेकॅनिक, सात नंबर एक्स्कॅव्हेटर (आतील बाजू)

विषय: बाहेर येण्याबाबत

महोदय,

आपण आत नसल्याचे आपण पत्राने कळविले, ते मिळाले. सदर पत्र आपण आतून लिहिले की बाहेरून, याचा त्यात उल्लेख नाही.

आपण आत असल्यास कृपया बाहेर येऊन सही करावी. आपण आत नसल्यास कृपया आत जाऊन रीतसर बाहेर यावे व सही करावी. दोन्हींपैकी जे सोयीचे असेल ते करावे.

आत काही अडचण असल्यास तीन वेळा ठोकावे. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मी यंत्राला कान लावतो. आजवर आवाज आलेला नाही. त्यावरून आपले बरे चालले आहे असे धरले आहे.

आपला,
सुरक्षा अधिकारी

ता.क. मी येण्यापूर्वी इथे काय घडले ते मला ठाऊक नाही. विचारले की सगळे दुसरीकडे बघतात. मला लोक मागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे. पण पूर्वीच्या एका ठिकाणी, आत कोणी नसेल असे समजून, मी फळ्यावरचा आकडा स्वतः पुसला होता. तेव्हापासून मी पुसत नाही.


३ मार्च

दादा,

तुमचा शिट्टी वेडा नाही. तुम्हा सगळ्यांत तोच एक शहाणा दिसतो. त्याचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग हातातलं काम टाकून शेडबाहेर जाऊन बसलो.

आता तूही ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सीलसाठी कोणी गाव सोडत नाही.

त्या दिवशी स्विचवर माझी पाटी होती. कुलूप नव्हतं, नुसती पाटी. मी बूमच्या बुडाशी, सिलेंडरखाली डोकं घालून सील बसवत होतो. तुला घाई होती. यंत्र न्यायला बाहेर गाडी उभी होती, साहेब घड्याळ बघत होते. तू माझी पाटी काढलीस, तेलाच्या पिंपावर ठेवलीस आणि इंजिन मारलंस. हाक मारली नाहीस. बूम वीतभर खाली आली आणि टेकूवर अडली.

सगळे म्हणाले, टोपीवर निभावलं. टोपी तिथे कशी आली ते कोणी विचारलं नाही. घाम आला म्हणून मी ती काढून, माझं डोकं जिथे होतं तिथे ठेवली, आणि हातातून निसटलेला पाना उचलायला खाली वाकलो. दहा-अकराचा. तो निसटला नसता तर आज शिट्टीचा फळा खरा असता.

मी बाहेर आलो. आणि दादा, तू मला काय विचारलंस? "सील कुठल्या बाजूने बसवलंस?" मी म्हणालो, तेलाकडे. तू म्हणालास, "चुकलं." जो शब्द मला ऐकायचा होता तो तू उच्चारलास, पण सीलसाठी.

मग मी पेटीचं कुलूप काढून स्विचला लावलं. तू पुन्हा ते इंजिन माझ्याशिवाय चालू करू नयेस, एवढंच मनात होतं.

चावी हरवलेली नाही, ते मी खोटं लिहिलं. ती माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात असते. शर्ट बदलला की तीही बदलते. दहा-अकराचा पानाही माझ्याकडेच आहे. मी तो एकदाही वापरलेला नाही.

येणार नाही. तू खुशाल कामावर जा.

बारक्या


१४ मार्च

भाऊजी,

मी वहिनी. यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर पाठवलंत तर शेजारच्या शिंपिणीच्या पत्त्यावर पाठवा. तिला बातमी कळली तरी चालेल, नाहीतरी तिला सगळं आधीच कळतं.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण काय जेवले ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. टोपीचं मला माहीत होतं. डोक्याचं मला माहीत नव्हतं. मला वाटतं, यांनाही नव्हतं. पाना उचलायला वाकलात ते वाक्य हे बोट ठेवून वाचत होते, लहान मुलं वाचतात तसं.

आता तुमच्यापासून जे लपवलं ते सांगते. कुलूप कापायची सोय किचकट बिलकुल नाही. एक पानी फॉर्म आहे. तो त्या खात्याच्या प्रमुखाने भरायचा, म्हणजे यांनी, आणि मग कुलूप कापता येतं. माणूस यायची गरज नाही. हा फॉर्म आमच्या कपाटात दहा वर्षं आहे. यांनी तो निदान वीस वेळा काढला. यंत्राचा नंबर लिहितात, तारीख लिहितात, कुलूप कोणाचं ते लिहितात. खाली एक रकाना आहे: "कुलूप लावले जाण्याचे कारण." तिथे आले की पेनाला टोपण लावतात आणि म्हणतात, शाई वाळली.

मी एकदा म्हटलं, मी लिहिते, तुम्ही सही करा. तर म्हणाले, ते अक्षर माझंच हवं.

आणखी एक. माझ्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली हे दर सोमवारी खिशात घालून कामावर नेतात. अकरा वर्षांत सतरा बाटल्या संपल्या. कशाला, विचारलं तर म्हणतात, काम आहे. एवढी मोठमोठी यंत्रं, तिथे पिंपांनी तेल, आणि यांना माझी एवढीशी बाटली लागते. तुम्हाला काही उलगडा होत असेल तर कळवा.

मी तुम्हाला या म्हणत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो दोघांचाही सारखाच आहे. पण माणूस घरी असून नसल्यासारखा झाला आहे. तुम्ही त्या यंत्रात नाही, हे तुम्ही सिद्ध केलंत. हे नाहीत, असं मला कोण सिद्ध करून देणार?

वहिनी


२० मार्च

बारक्या,

फॉर्म भरला. शाई वाळलेली नव्हती. नक्कल खाली उतरवतो.

यंत्र: सात नंबर.
कुलूप कोणाचे: माझ्या धाकट्या भावाचे.
कुलूप लावले जाण्याचे कारण: स्विचवर त्याची पाटी असताना मी ती काढली आणि त्याला हाक न मारता इंजिन चालू केलं. आत माझा भाऊ होता.
यात चूक कोणाची: माझी.

शिट्टीने वाचला. मला वाटलं, आता शिट्टी वाजवतो की काय. त्याने खुर्ची सरकवून दिली आणि म्हणाला, बसा, गुडघे दुखतात ना तुमचे.

तू बाहेर आलास तेव्हा मी सीलचं का विचारलं, ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे. मी तुझं डोकं बघत होतो. शाबूत आहे का, रक्त आहे का, एवढंच बघत होतो. तोंड उघडलं आणि सील बाहेर आलं. मग ते परत आत घेता येईना.

मला चुकलं म्हणायचं होतं. सीलचं नाही. माझं चुकलं, बारक्या.

दोन एप्रिलला कुलूप कापतील. आता तुला यायची गरज उरली नाही. चावी तुझ्याकडेच ठेव, वाटलं तर टाकून दे.

दादा


२६ मार्च

दादा,

कुलूप कापू देऊ नकोस. चांगलं पितळी कुलूप आहे, असं आता मिळत नाही.

मी एक तारखेला सकाळी पोचतो. एक एप्रिल आहे, तेव्हा शिट्टीला आधीच सांगून ठेव की ही थट्टा नाही.

चहा त्या दिवशी तू पिऊ नकोस.

बारक्या


८ एप्रिल

दादा,

सुखरूप पोचलो. तो म्हातारा शेडसमोर बसूनच होता. म्हणाला, "तासाभरात होईल ना?"

तिथे दिवसभर आपण दोघं हवापाण्याचं बोललो. म्हणून जे बोलायचं होतं ते आता लिहितो.

शिट्टीने मला फाटकातच पास दिला, त्यावर कारण लिहिलं होतं: "बाहेर येण्यासाठी आत जाणे." मग तो मला नमस्कार करून म्हणाला, "तुम्ही आतून कसे दिसत असाल याचा मी पुष्कळ विचार केला होता. तुम्ही बारीक आहात." मी म्हटलं, घरी बारक्याच म्हणतात.

मी सिलेंडरखाली सरपटत गेलो. काम काहीच नव्हतं, आत जायचं, उलटं फिरायचं, बाहेर यायचं. चार मिनिटांचा मामला. पण उलटा फिरलो तर ट्रॅकच्या वरच्या फटीतून तू दिसलास. स्विचपासून वीस पावलं लांब, मोकळ्या अंगणात उभा होतास, आणि तुझे दोन्ही हात वर होते. तुला कोणी सांगितलं होतं का असं उभं राहायला? शिट्टीला विचारलं, तो म्हणाला, नियमात असं काही नाही.

मला कळलं ते. तुझे हात मला आतून दिसावेत म्हणून ते वर होते.

आधी वाटलं, बघू या किती वेळ धरतो. खोटं कशाला बोलू, तेवढा सूड मनात होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कोपरं थरथरायला लागली, तरी तू खाली घेईनास. कोणीतरी खुर्ची आणली तर तू मानेनेच नको म्हणालास. मग मी नुसता बघत राहिलो. मला बाहेर यावंसंच वाटेना. अकरा वर्षं मी त्या जागेच्या भीतीने दचकून उठतो, आणि त्या दिवशी तिथे पडल्या पडल्या मला चक्क डोळा लागेल असं वाटलं. इतकं निर्धास्त मला माझ्या शेडमध्येसुद्धा कधी वाटलेलं नाही.

टोपी अजून तिथेच होती, कागदासारखी चपटी. ती आणली आहे. घालता येत नाही, पण आणली.

बाहेर येऊन सही केली. शिरल्याची वेळ, सकाळी साडेदहा. बाहेर आल्याची वेळ, सकाळी अकरा. मध्ये अकरा वर्षं. जादा कामाच्या रकान्यात शिट्टीने "पुष्कळ" असं लिहिलं. मग स्वतःच्या हाताने फळ्यावरचा एक पुसला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मग तालमीचा भोंगा. माणसं पुरी भरली. तालीम संपली, असं शिट्टीने जाहीर केलं, तर कोणी हलेचना. तालीम संपल्यावर काय करतात तेच कोणाला माहीत नव्हतं.

आता कुलपाचं. मी चावी घातली, मनात म्हटलं, मोडणार. अकरा वर्षं उघड्यावरचं कुलूप, त्यात धूळ, त्यात पाणी. तर ती फिरली. जोरसुद्धा लावावा लागला नाही. दादा, कुठल्या तेलाचा वास कसला असतो ते ओळखण्यावर माझं पोट आहे. ते शिवणयंत्राचं तेल होतं. वहिनीला सांग, तिच्या सतरा बाटल्यांचा उलगडा झाला.

दहा-अकराचा पाना पेटीत जागेवर ठेवला आहे. पेटी तुझ्याकडेच राहू दे. कुलूपही पेटीला लावून आलो, चावी तुझ्या डब्याखाली आहे. चहा ऊन होता. घड्याळ दहा मिनिटं मागे पडतं.

मला राग नाही. होता, आता शोधतो तर सापडत नाही.

बारक्या


२५ एप्रिल

बारक्या,

मला तिसऱ्यांदा निरोप दिला. या वेळी भाषणं झाली नाहीत, सगळ्यांची बोलून झाली होती. शिट्टीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्याकडे बघून मी नियमात एक ओळ वाढवली आहे." कुठली, विचारलं. तर म्हणाला, बाहेरच्याने आतल्याला हात दिसतील असं उभं राहावं. आता सगळे तसे उभे राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दरोडा पडला आहे.

सात नंबर दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. सील तेलाकडेच होतं, तू बसवलं होतंस तसंच. एक थेंब गळत नाही.

घरी मात्र माझं कठीण झालं आहे. पहिल्या दिवशी मी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सगळे नळ खोलले. तिसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीने मला खुर्चीसकट अंगणात नेऊन बसवलं. दुपारी चारला ती दोन कप ठेवते. का ते मी विचारत नाही, तीही सांगत नाही. मी सव्वाचारपर्यंत थांबतो, मग दोन्ही पितो.

गेल्या आठवड्यात मिक्सरच्या भांड्याखालून पाणी झिरपायला लागलं. बुडाचं सील गेलेलं. मी तो ओट्यावर पूर्ण खोलला. आता खोललेलं यंत्र कोणी चुकून चालू करू नये, म्हणून त्याचा प्लग एका पत्र्याच्या डबीत घातला आणि डबीला तुझं पितळी कुलूप लावलं. वर तुझी लाल पाटी टांगली. तुझ्या वहिनीचं म्हणणं, मिक्सरच्या आत कुठला माणूस आलाय? मी म्हटलं, पाटी आहे म्हणजे माणूस आहे.

नियमाप्रमाणे चावी माझ्याच खिशात हवी, मी आत आहे ना. पण ज्याने माझ्यामागे इंजिन मारावं असा माणूस तू नाहीस. म्हणून ती तुझ्याकडे ठेवायला देतो. पाकिटाच्या तळाशी कागदात गुंडाळली आहे, शर्टाच्या आतल्या खिशात ठेव.

नवीन सील आणून ठेवलं आहे. कुठल्या बाजूने बसवायचं ते मला माहीत आहे, तरी तू येऊन सांग.

दादा

ता.क. भाऊजी, मी वहिनी. आज आठवा दिवस, सगळं हाताने वाटते आहे. कुलूप कापायला हॅकसॉ घरात आहे, पण यांनी माझ्यासाठीही एक पानी फॉर्म करून ठेवला आहे. त्यात कारणाचा रकाना आहे. काय लिहायचं ते मला चांगलं ठाऊक आहे, भावाला बोलवायला निमित्त हवं होतं; पण ते लिहायची वेळ यांच्यावर नको आणि माझ्यावरही नको. पत्र मिळताच निघा.